कोर्टाची पायरी चढायचीय? मग आधी फाइल दाखवा

मागच्या अंकात शेवटी दोन ओळी टाकल्या होत्या की लॉच्या ॲडमिशनबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि तेवढ्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की मला वाटलं शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आता रद्दच करावी. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, "कट-ऑफ किती लागेल?" ते कोणीच आधी सांगू शकत नाही, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मी कोर्टात अठरा वर्षं वकिली करतेय, दर पावसाळ्यात ओळखीपाळखीची पोरं ॲडमिशनचे कागद घेऊन टेबलाशी येतात, आणि माझ्या डोळ्यांसमोर मार्कांमुळे जेवढ्यांची सीट हुकली त्यापेक्षा कागदामुळे हुकलेले जास्त आहेत. म्हणून कागदपत्रांबद्दल विचारणारी पत्रं आधी घेतलीत.

"ताई, दहावी झाली आणि लग्न झालं. मुलं मोठी झाल्यावर मुक्त विद्यापीठातून आधी पूर्वतयारी (बारावी नसलेल्यांसाठीचा कोर्स) केलं, मग बीए केलं, ५८ टक्के पडले. जमिनीच्या केससाठी नऊ वर्षं तारखांना जाऊन जाऊन वाटायला लागलं की आपणच वकील व्हावं. आता वय ४२. तीन वर्षांच्या एलएलबीचा फॉर्म भरू का? वय आड येईल का?" – एक वाचक, नाशिक जिल्हा

वयाचं टेन्शन घेऊ नका, आपल्याकडे लॉच्या सीईटीला वयाची अट नाही. अडचण दुसरीकडेच आहे आणि ती मला गोड करून सांगता येत नाहीये. तुमच्या पत्रात दहावीनंतर एकदम पूर्वतयारी येतं, बारावी कुठेच नाही. वकिलांची आणि लॉच्या शिक्षणाची नियामक संस्था म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडिया, तिचे २००८ चे लीगल एज्युकेशन रूल्स आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की मूळ पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून डिग्री घेतली असेल तर ती लॉच्या प्रवेशाला चालत नाही. म्हणजे मुक्त विद्यापीठाची डिग्री वाईट असं कोणी म्हणत नाहीये, बारावी पास होऊन मग मुक्त विद्यापीठातून किंवा डिस्टन्सने बीए केलं असतं तर बिनधास्त चाललं असतं. दहावी, बारावी, पदवी ही साखळी त्यांना हवी असते, तुमची मधली कडी नाहीये.

सगळ्यात वाईट म्हणजे हे आधी कोणी सांगत नाही. फॉर्म भरला जातो, फी घेतली जाते, परीक्षा होते, स्कोअर पण येतो, आणि मग फाइल तपासायची वेळ आली की कळतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एक बाई माझ्यासोबत एका कॉलेजच्या खिडकीशी उभ्या होत्या, अंगणवाडी सेविका होत्या, स्कोअर चांगला होता. क्लार्कने एकेक झेरॉक्स उलटली, दहावी, टीसी, बीएची तिन्ही वर्षं, आणि मान वर न करता म्हणाला, "बारावी?" बाईंनी पूर्वतयारीचं प्रमाणपत्र पुढे सरकवलं. त्याने ते वाचलं, परत त्यांच्याकडे सरकवलं. बाईंनी पुन्हा त्याच्याकडे सरकवलं. असं तीनदा झालं, कोणी काही बोलत नव्हतं, मागे लाइन वाढत होती. शेवटी मीच म्हटलं चला, चहा घेऊ.

आता रस्ता काय. बाहेरून बारावीला बसायचं, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, आर्ट्स घ्या, घरी बसून होण्यासारखं आहे. बारावीला ४५ टक्के लागतात (ओबीसी असाल तर ४२, एससी-एसटी असाल तर ४०), आणि तुम्ही ५८ टक्क्यांनी बीए काढलंय त्यामुळे ते तुम्हाला जड जाणार नाही. मग पाच वर्षांच्या लॉची सीईटी द्या. बारावीचा निकाल यायच्या आधीच ती देता येते, म्हणजे वर्ष वाया जात नाही. काही जण सांगतील आता बारावी काढा आणि जुन्याच बीएवर तीन वर्षांच्या लॉला जा, पण डिग्रीनंतर काढलेल्या बारावीवर पुढे वकिलीची सनद मिळायच्या वेळी कोणी बोट ठेवलं तर तुम्ही स्वतःचीच केस लढत बसाल. त्यापेक्षा सरळ रस्ता बरा. हिशोब केला तर एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आत-बाहेर सनद हातात. माझ्या बार असोसिएशनमध्ये बँकेतून रिटायर होऊन साठीत आलेले ज्युनिअर आहेत, त्यांना सगळे "काका" म्हणतात आणि ते सगळ्यांना "सर" म्हणतात, तुमचं काय एवढं.

"मॅडम, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. मुलीला पाच वर्षांच्या सीईटीत चांगले पर्सेंटाइल मिळालेत. आम्ही ओबीसी. पण माझा पगार वर्षाला ८ लाखांच्या वर जातो म्हणून नॉन-क्रिमी मिळणार नाही असं सेतूवाला म्हणाला, म्हणून ओपनमधून भरायचं ठरवलंय. व्हॅलिडिटीचं अजून काही केलं नाही. बरोबर करतोय ना?" – एक पालक, जालना

नाही सर, नाही. गुरुजी असून सेतूवाल्याचं ऐकलंत! नॉन-क्रिमीलेअरची ८ लाखांची मर्यादा बघताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, बाकीचं उत्पन्न बघतात, म्हणजे घरभाडं, धंदा, व्याज असलं. वर्ग एक, वर्ग दोनच्या अधिकाऱ्यांचे नियम वेगळे आहेत पण प्राथमिक शिक्षकाला ते लागू नाहीत. तेव्हा आजच अर्ज टाका, आणि दाखला हातात आला की त्यावरची "वैध" तारीख बघा, ज्या वर्षी ॲडमिशन त्याच्या पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत तो चालला पाहिजे. दरवर्षी कोणीतरी मागच्या मार्चला संपलेला दाखला लॅमिनेट करून आणतं. लॅमिनेट करून!

एक घोळ मात्र आधीच सांगते. मुलींच्या फी माफीचा जो जीआर आहे, ८ जुलै २०२४ चा, ज्यात ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक कोर्सेसची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, तिथे पण ८ लाखच आहेत, पण ते घरचं एकूण उत्पन्न आहे, तिथे पगार धरला जातो. म्हणजे तुमच्या मुलीला ओबीसीची सीट मिळेल पण ती फी माफी नाही मिळणार. दोन्हीकडे आकडा ८ चाच असल्यामुळे लोक गोंधळतात, सेतूवाला पण त्यातच गोंधळला असणार. इतर वाचकांसाठी, ही माफी कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, घेतलेल्या ॲडमिशनला आहे, मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर विसरा.

व्हॅलिडिटीचं मात्र मी तुमच्यावर चिडलेय. मुलगी बारावीला असतानाच कॉलेजकडून पत्र घेऊन जात पडताळणी समितीकडे अर्ज टाकायचा असतो. आता निदान ऑनलाइन अर्ज करून पावती घ्या, आणि तुमची स्वतःची, तुमच्या भावाची, चुलत्याची अशी वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातली कोणाची व्हॅलिडिटी असेल तर ती जोडा, काम लवकर होतं. पावतीवर ॲडमिशन देऊन नंतर मुदत देतात असं कधीकधी झालंय, पण ते शासनाने त्या वर्षी दिलं तर दिलं, त्या भरवशावर लेकीची सीट ठेवू नका.

आणि सेतूत असल्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला ५०० चा स्टॅम्प मागितला तर देऊ नका. विद्यार्थ्यांच्या जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासाच्या, नॉन-क्रिमीच्या दाखल्यांसाठी स्टॅम्प माफ आहे, साध्या कागदावर होतं. मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी पुन्हा एकदा जाहीर पण केलं होतं, तरी आमच्या कोर्टाच्या गेटवर स्टॅम्प विकणारा पोरांना बोलावतोच.

"ताई मी बारावी सायन्सला आहे, नीट जमणार नाही हे मला कळलंय, घरी अजून सांगितलं नाही. लॉ करायचंय. क्लॅट देऊ की सीईटी? की आधी बीए करून मग ३ वर्षांचं लॉ करू? मराठी मीडियम आहे, इंग्लिश कच्चं आहे. पुण्याला जाऊ का? मला जज व्हायचंय." – एक विद्यार्थिनी, बार्शी

आधी घरी सांग बाई. पुढचं सगळं त्याच्यानंतर.

क्लॅट म्हणजे नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची परीक्षा, आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला त्या आहेत. ती डिसेंबरमध्ये होते, पूर्ण इंग्रजीत, १२० प्रश्न, दोन तास, चुकीला पाव मार्क कट, आणि प्रश्नांच्या प्रत्येक गटाआधी हा एवढा मोठा उतारा वाचायचा असतो. तू स्वतःच इंग्लिश कच्चं म्हणतेस तर अनुभव म्हणून दे वाटलं तर, पण फी पण बघ, उगाच द्यायची परीक्षा नाहीये ती. तुझा मुख्य डाव राज्याच्या सीईटीवर असू दे. ती पण १२० प्रश्नांची, दोन तासांची, पण निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि प्रश्न इंग्रजीसोबत मराठीत पण येतात. पाच वर्षांच्या पेपरात लीगल ॲप्टिट्यूड ३२, लॉजिकल ३२, जीके २४, इंग्लिश २४ आणि गणित फक्त ८. तुझं सायन्स तुला लॉजिकलमध्ये हात देईल. आणि निगेटिव्ह नाही म्हटल्यावर एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, शेवटची दोन मिनिटं राहिली की उरलेल्यांवर डोळे झाकून क्लिक मारायचं, हे मी वकील म्हणून नाही मावशी म्हणून सांगतेय.

पाच की तीन, तर बारावीनंतरच पक्कं ठरलेलं असेल तर पाच, एक वर्ष वाचतं. ठरलेलं नसेल, नुसतं नीटमधून पळायचं म्हणून लॉ म्हणत असशील तर बीए, बीएस्सी काहीतरी कर आणि मग ठरव. तुझ्या पत्रात "जज व्हायचंय" शेवटी आलंय, एका ओळीत, त्यामुळे मला नीटसं कळेना. पण जजचंच असेल तर हे माहीत असू दे, सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ ला निकाल दिलाय, सिव्हिल जज ज्युनिअर डिव्हिजनच्या परीक्षेला आता तीन वर्षांची वकिली परत सक्तीची झालीय. म्हणजे कॉलेज संपलं की लगेच परीक्षा देऊन खुर्चीत, हे आता होणार नाही. तीन वर्षं कोणाच्या तरी हाताखाली फाइल उचलायला लागणार, आणि ज्युनिअरला काय पैसे मिळतात ते मी इथे लिहीत नाही, संपादक कापतील.

पुण्याचं. आयएलएसला १०० वर्षं होऊन गेलीत, मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज तर १८५५ चं, बाबासाहेब आंबेडकर तिथे शिकवायचे आणि १९३५ मध्ये प्रिन्सिपॉल झाले. अशी नावं मोठी आहेतच आणि मिळालं तर जा, पुण्याच्या रूमचं भाडं आणि मेसचा खर्च घरच्यांशी बोलून मगच. पण नाही मिळालं तर रडत बसू नकोस. सोलापूर, कोल्हापूर इकडे पण जुनी कॉलेजं आहेत, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यात सोलापूर जिल्हा पण येतो. आमच्या वेळी हायकोर्ट बघायचं म्हणजे रात्रीची गाडी पकडून मुंबई. तुम्हाला एसटीने जाऊन मागच्या बाकावर बसून ऐकता येईल. मराठी मीडियमचं म्हणशील तर तालुका-जिल्हा कोर्टाची भाषा मराठीच आहे, उलट इंग्लिश मीडियमची पोरं माझ्याकडे येऊन "कैफियत" म्हणजे काय विचारतात. पण हायकोर्टात इंग्रजीच चालतं आणि पुस्तकं पण इंग्रजीत, म्हणून पाच वर्षांत रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाच.

हो, आणि ऑप्शन फॉर्म, ज्यात कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा असतो तो. माझ्या भाच्याने काय केलं, शेजारच्या दादाने सांगितलं म्हणून "मिळेल असं" कॉलेज एक नंबरला टाकलं आणि खरंच हवं होतं ते चार नंबरला. मिळालं ना एक नंबरचं! कॉम्प्युटर वरून खाली बघत येतो, पहिलं जे बसतं ते देतो आणि थांबतो. अवघड कॉलेज वर टाकल्याने खालच्याचा चान्स कमी होत नाही. मनात जो क्रम तोच फॉर्मवर. नंतर लागलेल्या यादीत कळलं की त्याच्या स्कोअरला चार नंबरचं सहज मिळत होतं. दिवाळीला आला की अजून त्या दादाच्या नावाने बोटं मोडतो.

"मी एका पतसंस्थेत मॅनेजर आहे, नोकरी सोडता येणार नाही. जिथे हजेरीची कटकट नाही असं एखादं कॉलेज सांगाल का? नाइट कॉलेज असेल तर उत्तम." – एक वाचक, सांगली

नाव सांगणार नाही, आणि सांगितलं तरी फसाल. रात्रीचं लॉ कॉलेज हा प्रकार बार कौन्सिलने कधीच बंद केलाय, वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ च्या मध्येच घ्यायचे असा नियम आहे आणि हजेरी ७० टक्के. सप्टेंबर २०२४ च्या सर्क्युलरनंतर बायोमेट्रिक, सीसीटीव्ही आलंय आणि नोकरीत असाल तर ते जाहीर करून मालकाचं ना हरकत पत्र द्यायला सांगितलंय. किती कॉलेजं किती पाळतात ते सगळ्यांना माहीत आहे, पण डिग्री तुमच्या नावावर असते आणि अडकता तुम्ही.

सकाळी वर्ग भरणारी कॉलेजं आहेत, साडेदहा-अकराला सुटून ऑफिस गाठणारे लोक मी पाहिलेत, संस्थेत बोलून वेळ तासाभराने पुढे सरकवता आली तर होण्यासारखं आहे. पण मला तुम्हाला उलटा प्रश्न विचारायचाय, डिग्री कशाला हवीय? वसुलीचं, सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यांचं काम नीट कळावं म्हणून असेल तर छान, उपयोग होईल. पण नोकरी ठेवून कोट घालता येणार नाही. पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही, सनद घ्यायची तर नोकरी सोडायला लागते. हे माहीत नसताना तीन वर्षं घालवलेले दोन जण आमच्याच बारच्या कँटीनला भेटतील.

"३ वर्षांच्या सीईटीला क्लास लावू का? ४० हजार मागतायत." – पुणे

नको. त्या पेपरात १२० पैकी ४० मार्क इंग्लिशचे आणि ३२ जीकेचे. लीगल २४. जुने पेपर सोडव, रोजचं वर्तमानपत्र वाच, १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आलीय त्यामुळे जुनं गाइड कोणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस. राहिलेल्या पैशांची पुढे सनदेला पण गरज पडणार नाही, पूर्वी बार कौन्सिलं वीस-तीस हजार उकळायची, सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं की ओपनला ७५० आणि एससी-एसटीला १२५ च्या वर घ्यायचे नाहीत. वर ऑल इंडिया बार एक्झामची फी वेगळी.

"ताई, कॉलेजच्या गॅदरिंगला मारामारी झाली होती, माझ्यावर पण गुन्हा दाखल आहे, केस चालू आहे. फॉर्ममध्ये लपवलं तर कळेल का? लॉला घेतील का मला?" – नाव नको

लपवू नकोस. मगाशी सांगलीच्या वाचकांना सांगितलं त्याच बार कौन्सिलच्या सर्क्युलरमध्ये कॉलेजांना पोरांची गुन्ह्यांची माहिती घ्यायला सांगितलंय, त्यामुळे विचारणारच. आणि लपवलेलं नंतर सापडलं तर मारामारी राहते बाजूला, खोटं लिहिलं हीच नवी भानगड होते. ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये, १९६१ चा कायदा, कलम २४-अ बघ, सनद अडते ती मुख्यतः नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर. नुसती केस चालू असणं म्हणजे शिक्षा नाही. पण तारखेला जातोस का तू? खरं सांग. वॉरंट निघालं असेल तर आधी ते रद्द करून घे, तुझ्या वकिलाकडून एफआयआर आणि चार्जशीटची कॉपी घे आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लाव, खाली दडवू नकोस. आणि समोरची पोरं पण तुमच्याच कॉलेजची असतील ना, त्यांच्याशी बोलून तडजोड होतेय का बघ, कलमं कोणती लागलीत ते पत्रात लिहिलं नाहीस, ते कळव म्हणजे पुढच्या अंकात सांगते.